सल्ला हवा आहे: पोलंडच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाच्या जुन्या मॅचेस मुलाला दाखवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

शर्वरी_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही पोलंडमध्ये कातोवित्सेला राहायला आलो. नवऱ्याची नोकरी इथली, मुलगा तेरा वर्षांचा, सातवीत. पहिले दोन महिने फार वाईट गेले. भाषा येत नाही, मित्र नाहीत, पोरगं शाळेतून यायचं आणि दप्तर टाकून खोलीचं दार लावून घ्यायचं. मग ऑक्टोबरमध्ये शाळेच्या पी.टी.च्या सरांनी त्याला व्हॉलीबॉलच्या गटात घेतलं. आता रोज घरी येतो तेव्हा दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक असतात, आणि जेवताना ते हात तो कौतुकाने मलाच दाखवतो.

मी स्वतः वाळवा तालुक्यातली. शाळेच्या संघातून जिल्ह्यापर्यंत खेळले आहे, त्यामुळे खेळ कळतो. पण इथली पोरं बोलतात ते वेगळंच. ड्रेसिंग रूममध्ये ती १९७६ च्या फायनलबद्दल, २०१४ बद्दल अशी बोलतात जणू काल घरात घडलंय. आमच्या इमारतीतल्या सत्तरीच्या बाई लिफ्टमध्ये त्याच्या हातातला बॉल बघून थांबल्या आणि त्यांनी त्याला विचारलं, तू सेटर (स्मॅशरला बॉल उचलून देणारा) की लिबेरो (फक्त मागच्या फळीत बचाव करणारा)? त्याला उत्तर देता आलं, पण पुढे त्या जी नावं घेत गेल्या त्यातलं एकही त्याला माहीत नव्हतं. घरी येऊन म्हणाला, "आई, मला हे सगळं बघायचंय. तू पण बस."

जानेवारीत त्यांना दोन आठवडे हिवाळ्याची सुट्टी आहे. तेवढ्यात पाच-सहा मॅचेस निवांत बसून बघायच्या म्हणतोय. कुठल्या आणि कुठल्या क्रमाने? सगळ्या जिंकलेल्याच असाव्यात असं काही नाही. आणि इथे राष्ट्रीय संघाची मॅच प्रत्यक्ष बघायची तर काय करावं लागतं? कुणाला अनुभव असेल तर मनापासून सांगा.

नेटजवळ

शर्वरीताई, तेरा वर्षांच्या मुलाला २०१८ पासून सुरुवात करून द्या. तोरिनोची वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, समोर ब्राझील, निकाल ३-०. पहिला सेट २८-२६ झालाय, तो बघताना श्वास घ्यायला विसरतो माणूस. पुढचे दोन २५-२०, २५-२३.

त्याच्या आदल्या दिवशीची अमेरिकेविरुद्धची सेमीफायनलही बघा, पाच सेटची. दोन्हींत बार्तोश कुरेक. २०१४ ला पोलंड जगज्जेता झाला तेव्हा हा माणूस संघात नव्हता, निवडलाच नव्हता. चार वर्षांनी तोच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी पुण्यात कॉलेजच्या संघात ओपोझिट (सेटरच्या समोरच्या जागेवरचा स्मॅशर) खेळतो आणि संघातून वगळलो गेलो त्या वर्षी ही फायनल मी किती वेळा पाहिली याची गणती नाही. त्याचा बॉल मारण्याआधीचा शेवटचा डावा पाय बघायला सांगा मुलाला. इतका लांब टाकतो आणि तरी उडी सरळ वर जाते.

बापू_मास्तर

शर्वरीताई, मी निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा. तुम्ही १९७६ चं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो.

मॉन्ट्रियल ऑलिंपिक, ३० जुलै १९७६, पोलंड विरुद्ध सोव्हिएत संघ. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आमच्याकडे ती बातमी पेपरात चार ओळींची आली होती. पूर्ण मॅच पाहायला मिळाली ती पुढे तीसेक वर्षांनी, एका माजी विद्यार्थ्याने पेन ड्राइव्हमध्ये घालून आणून दिली तेव्हा. सेट असे: ११-१५, १५-१३, १२-१५, १९-१७, १५-७.

पण हे आकडे मुलाला कळण्याआधी एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, नाहीतर तो दहा मिनिटांत उठून जाईल. तेव्हा आजच्यासारखा प्रत्येक रॅलीला गुण नव्हता. सर्व्हिस आपली असेल तरच गुण. समोरच्याच्या सर्व्हिसवर तुम्ही रॅली जिंकलात तर नुसता 'चेंज', बॉल तुमच्याकडे, पाटी जागच्या जागी. तुम्ही शाळेत खेळलात तो काळ जुना असेल तर तुमच्या तोंडातही तो 'चेंज' असेलच. प्रत्येक रॅलीला गुण हा नियम आणि लिबेरो, दोन्ही गोष्टी १९९८ च्या आसपास आल्या. म्हणजे १९७६ च्या त्या बारा जणांत लिबेरो नावाचा माणूसच नाही. सहा फूट उंचीचा स्मॅशर मागे गेला की त्यालाच वाकून डिग काढावी लागायची, म्हणजे समोरून आलेला स्मॅश उचलावा लागायचा.

आता चौथा सेट. सोव्हिएत संघ २-१ ने पुढे. त्या स्पर्धेत फायनलपर्यंत त्यांनी एक सेटसुद्धा गमावलेला नव्हता. पोलंड मात्र कोरियाशी पाच सेट, क्यूबाशी पाच सेट, सेमीफायनलला जपानशी पाच सेट असा रडतखडत आलेला. चौथ्यात सोव्हिएत संघाला मॅच पॉइंट मिळाला. पोलंडने तो काढला. जुन्या पद्धतीत मॅच पॉइंट काढला म्हणजे काही मिळत नाही, फक्त बॉल आपल्याकडे येतो. मग आपण सर्व्हिस करायची, रॅली जिंकायची, तेव्हा कुठे एक गुण. त्या शेवटच्या गुणांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. आणि पाचवा सेट १५-७. त्या सेटमध्ये बॉल बघू नका, पाय बघा. सोव्हिएत खेळाडूंची उडी उतरलेली स्पष्ट दिसते आणि पोलंडची पोरं पहिल्या सेटसारखीच वर जातायत.

याचं कारण हुबेर्त वाग्नर हे त्यांचे कोच. स्वतः १९६८ ला मेक्सिकोत ऑलिंपिक खेळलेले, तिशी ओलांडली न ओलांडली तोच राष्ट्रीय संघ हातात आला. कालपर्यंत बरोबर खेळलेल्या खेळाडूंचेच ते कोच झाले. खेळाडूंनी आणि पेपरवाल्यांनी त्यांना नाव ठेवलं 'कात', म्हणजे फाशी देणारा. वजनं भरलेली जॅकेटं घालून अडथळ्यांवरून उड्या मारायला लावायचे, पाय उचलेनासे होईपर्यंत. १९७४ ला मेक्सिकोत याच संघाने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली होती, शेवटच्या सामन्यात जपानला हरवून. मॉन्ट्रियलला निघताना वाग्नर यांनी उघड सांगून टाकलं होतं की आपल्याला फक्त सुवर्णपदक हवंय. मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. जिंकण्याआधी असं बोलण्याची छाती मला कधी झाली नाही, म्हणून मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. त्यांची शिक्षा मात्र मी कधी वापरली नाही, आणि वापरूही नये. शाळकरी पोरांच्या गुडघ्यांना ती झेपत नाही.

अजून एक माणूस दाखवाच, तोमाश वोइतोविच, लुब्लिनचा. तोवर स्मॅश मारायचा तो पुढच्या फळीतल्या तिघांनी. मागचे तिघे डिग काढणार, सर्व्हिस करणार, बस. वोइतोविच तीन मीटरच्या रेषेच्या मागून धावत येऊन तिथूनच उडी घेतो आणि बॉल मारतो. आज शाळेतली पोरंसुद्धा पाइप (मागच्या फळीतून मधोमध मारलेला स्मॅश) मारतात, पण ठरवून, पद्धतशीरपणे मागून हल्ला करणारा पहिला खेळाडू म्हणून जगभर त्याचंच नाव घेतात. २०२२ मध्ये तो गेला.

मात्र ही मॅच पहिली लावू नका. कॅमेरा लांब आहे, चित्र धुरकट आहे. आधी नवीन काहीतरी बघू द्या, मग हिच्याकडे या.

विस्तुलाकाठ

बापूंनी लिहिलं त्यात घालण्यासारखं काही नाही, म्हणून मी प्रत्यक्ष बघण्याबद्दल सांगते. मी २०१२ पासून क्राकुवला आहे.

शर्वरी, तू कातोवित्सेत आहेस म्हणजे तुला कुठे जायचीच गरज नाही. तुमच्या गावात जी गोल बशीसारखी इमारत आहे ना, स्पोदेक, ती या खेळाचं घर आहे. स्पोदेक या शब्दाचा अर्थच बशी. १९७१ मध्ये उघडलेलं हे स्टेडियम बाहेरून उडत्या तबकडीसारखं दिसतं, आणि आत अकराएक हजार माणसं बसली की आवाज त्या गोल छताला लागून परत डोक्यावर येतो.

२१ सप्टेंबर २०१४. वर्ल्ड चॅम्पियनशिप पोलंडमध्ये होती. तीन आठवड्यांपूर्वी सुरुवात झाली तीच वॉर्सॉच्या फुटबॉलच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये, साठ हजारांवर माणसं व्हॉलीबॉल बघायला. सर्बियाला ३-० हरवलं होतं. फायनल स्पोदेकमध्ये ब्राझीलशी, आणि ब्राझील म्हणजे २००२, २००६, २०१० असे लागोपाठ तीन वेळचे जगज्जेते. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी गेले, तिकीट कुणाकडेच नव्हतं. बाहेर मोठ्या पडद्यासमोर उभ्या राहिलो. पहिला सेट गेला, १८-२५. गर्दी एकदम गप्प. माझ्या शेजारी एक आजोबा होते, पांढरा-लाल मफलर, हातात थर्मास. त्यांनी झाकणात चहा ओतला आणि एक शब्द न बोलता माझ्या हातात दिला. मी प्यायले. मग ते म्हणाले की १९७४ ला मी एकोणीस वर्षांचा होतो, तेव्हापासून थांबलोय, अजून तासभर थांबेन. पुढचे तिन्ही सेट पोलंडचे, २५-२२, २५-२३, २५-२२. शेवटचा बॉल पडला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. ते थर्मासचं झाकण घट्ट लावत होते आणि हात इतके थरथरत होते की आटे बसत नव्हते.

त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मारिउश व्लाझ्वी. त्याने जिंकून लगेच राष्ट्रीय संघाला रामराम केला. कोच स्तेफान आंतिगा, फ्रेंच माणूस, काही महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतः खेळत होता. २०१४ ची फायनल तुमच्या यादीत पाहिजेच. पण लेकाला ती दाखवण्याआधी त्याला स्पोदेकभोवती एक चक्कर मारून आण.

आता तिकिटांचं. राष्ट्रीय संघ मे ते सप्टेंबर खेळतो. नेशन्स लीग या दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा एखादा टप्पा बऱ्याचदा पोलंडमध्ये असतो. शिवाय वाग्नर यांच्या नावाने २००३ पासून उन्हाळ्यात मैत्रीपूर्ण सामन्यांची स्पर्धा होते, अलीकडे क्राकुवच्या मोठ्या अरेनात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तीच सांगते, कारण तीन दिवसांत सगळे संघ बघून होतात आणि खेळाडू मोकळेपणाने सह्या देतात. तिकिटं सुटतात त्याच दिवशी घ्यायची, हा एकच नियम पाळ. आणि राष्ट्रगीताला वेळेवर आत बस. इथे थोड्या वेळाने संगीत थांबवतात आणि पुढचं सगळं स्टेडियम वाद्यांशिवाय गातं. शब्द आधी पाठ करून घे त्याच्याकडून, त्याला वर्गात काम येईल.

उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नसेल तर क्लबच्या मॅचेसना जा. मला तर वाटतं राष्ट्रीय संघ समजायचा असेल तर आधी तेच करावं. पोलंडचं व्हॉलीबॉल मोठ्या शहरांपेक्षा लहान कारखानदार गावांत वाढलंय. केंजेझिन-कोझ्ले हे आपल्या कराडएवढं गाव, खतांच्या कारखान्याचं. त्यांचा क्लब २०२१, २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ तीन वेळा युरोपचा चॅम्पियन झाला. २०२३ ला फायनलमध्ये समोर होता यास्त्शेंबिएचा क्लब, म्हणजे युरोपच्या फायनलला दोन्ही बाजूंना पोलंडच. यास्त्शेंबिए हे कोळशाच्या खाणींचं गाव, क्लबच्या नावातच 'कोळसा' आहे. बेउखातूवला वीजनिर्मिती केंद्र. खाणीतली पाळी संपवून माणसं थेट हॉलवर येतात, मुलं वडिलांच्या खांद्यावर. तुझ्यापासून सगळ्यात सोयीचं झाविएर्चे, रेल्वेने तासाच्या आत. हॉल लहान आहे, पण म्हणूनच सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसलं की लिबेरोचे बूट फरशीवर घासल्याचा आवाज ऐकू येतो. टीव्हीवर हे कधी कळत नाही.

वळिवडेकर

मी कोल्हापूरचा. माझं पोलंडवेड खेळातून आलेलं नाही. आजी वळिवड्याची. १९४३ ते १९४८ तिथे पोलिश निर्वासितांची वसाहत होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली. आजी सांगायची की ती मुलं आमच्या विहिरीवर यायची आणि मराठी आकडे शिकायची. त्यातली काही मुलं ऐंशी-नव्वदीची होऊन २०१९ मध्ये कोल्हापूरला परत आली होती, तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं कामधंदा सोडून बघायला गेलेली. अशा घरात वाढलो म्हटल्यावर पोलंड कुठल्याही खेळात दिसला की आमचं टीव्हीचं चॅनल तिथेच थांबायचं.

शर्वरीताई, सगळे सुवर्णाचं सांगतायत, मी एका रौप्याचं सांगतो. २००६ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, जपानमध्ये. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं पोलंडची फार हलाखीची गेली होती. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिंपिकला पात्रताच नाही. १९९६ ला अटलांटात गेले आणि एकही सामना जिंकता आला नाही. २००० ला पुन्हा घरीच. मग अर्जेंटिनाचे राउल लोसानो कोच म्हणून आले आणि नव्या पोरांचा संघ बांधायला लागले. त्या संघात आर्कादियुश गोवाश नावाचा मिडल ब्लॉकर (नेटच्या मधोमध ब्लॉक करणारा) होता, १६ नंबर. १६ सप्टेंबर २००५ ला इटलीतल्या नव्या क्लबकडे गाडीने जाताना ऑस्ट्रियात अपघात झाला आणि तो गेला. वय चोवीस.

पुढच्याच वर्षी हा संघ जपानला गेला आणि फायनलपर्यंत एकही सामना हरला नाही. त्यातली रशियाविरुद्धची मॅच शोधून काढा. पहिले दोन सेट हरले होते, तिथून ३-२ ने जिंकले. सेटर पावेव झागुम्नी त्या मॅचमध्ये काय विचार करतोय ते तुमच्या मुलाला कळायला लागलं तर समजा पोरगं सेटर होणार. फायनलला ब्राझीलने ३-० ने धुतलं, ती बघितली नाही तरी चालेल. पण बक्षीस समारंभ जरूर बघा. रौप्यपदक घ्यायला सगळे जण गोवाशच्या नावाचा १६ नंबरचा शर्ट घालून उभे आहेत. मी तेव्हा बारावीत होतो. तो फोटो पेपरमधून कापून गणिताच्या वहीत ठेवला होता.

मृण्मयी_प

मी पॅरिसला असते. शर्वरी, हरलेली एक तरी मॅच दाखव असं मला फार वाटतं, आणि ती मी सुचवते: टोकियो ऑलिंपिकची क्वार्टर फायनल, २०२१, फ्रान्सविरुद्ध. पोलंड तेव्हा दोनदा लागोपाठचा जगज्जेता. २-१ ने पुढे होते आणि २-३ हरले.

हे दुखणं समजण्यासाठी आधीची रांग माहीत हवी. २००४ ला क्वार्टर फायनलमध्ये ब्राझीलकडून हार, २००८ ला इटलीकडून, २०१२ ला रशियाकडून, २०१६ ला अमेरिकेकडून, आणि मग ही. पाच ऑलिंपिक, पाचही वेळा एकाच पायरीवर. खेळाडू बदलले, कोच बदलले, पायरी तीच.

२०२४ ला मी इथल्या हॉलमध्ये होते, फ्रान्स-पोलंड फायनलला. मी फ्रान्सच्या बाजूने ओरडत होते आणि फ्रान्स ३-० जिंकला. पण पोलंडचे प्रेक्षक शेवटच्या गुणापर्यंत गात होते, आणि पदकं देताना तर जास्तच मोठ्याने. मला तेव्हा ते कळलं नाही. हा धागा वाचताना कळतंय, त्यांना १९७६ नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकचं पदक मिळत होतं. अठ्ठेचाळीस वर्षांनी.

बापू_मास्तर

मृण्मयीताईंशी पूर्ण सहमत. त्यात जुनी पायरीही जोडा: १९७५, ७७, ७९, ८१ आणि ८३, पाच युरोपियन चॅम्पियनशिप, पाचही वेळा पोलंड दुसरा आणि सोव्हिएत संघ पहिला. युरोपचं पहिलं सुवर्ण मिळायला २००९ उजाडलं, तुर्कस्तानात इझमीरला, फ्रान्सला हरवून. दुसरं २०२३ ला रोममध्ये, इटलीला त्यांच्याच घरी ३-०.

क्रमाबद्दल माझं मत सांगतो. पहिली लावा पॅरिस २०२४ ची सेमीफायनल, अमेरिकेविरुद्ध. २५-२३, २५-२७, १४-२५, २५-२३, १५-१३. तिसरा सेट १४-२५ असा गमावल्यावर संघ संपल्यासारखा दिसतो. मुख्य सेटर यानुश पाठीच्या दुखण्याने बाहेर, त्याच्या जागी वोमाच. लिबेरो झातोर्स्की खांदा धरून खेळतोय. मुलाला सांगा, इथे थांबव आणि मला सांग, तू कोच असतास तर चौथ्या सेटला काय बदललं असतंस? मग पुढे चालू करा. त्यानंतर २०१४, मग २०१८, मग टोकियोची हार, मग २००६ चा रशिया. १९७६ सगळ्यात शेवटी, आणि पूर्ण नको, चौथा आणि पाचवा सेट.

नेटजवळ

मास्तर, क्रम मान्य. २०१८ तिसरी आली तरी चालेल, पण गाळू नका :)

एक राहिलं, विल्फ्रेदो लेओन. क्यूबाचा, २०१० ला सतराव्या वर्षी क्यूबाकडून वर्ल्ड चॅम्पियनशिपचं रौप्य घेतलेला. पुढे पोलंडचं नागरिकत्व घेतलं आणि २०१९ पासून पोलंडकडून खेळतो. परदेशातून येऊन पोलिश शिकणाऱ्या मुलाला हा खेळाडू कदाचित सगळ्यात जवळचा वाटेल.

शर्वरी_कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्टी संपली, म्हणून काय काय झालं ते लिहिते.

बापूसर, तुमचाच क्रम धरला. पॅरिसची सेमीफायनल आम्ही एका रविवारी दुपारी लावली. तिसऱ्या सेटनंतर थांबवून त्याला तुमचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी सगळ्यांना सांगितलं असतं की सर्व्हिस जोरात मारा, चुकली तर चुकली." मग पुढचा सेट बघताना प्रत्येक सर्व्हिसला माझ्याकडे वळून बघायचा. २०१४ च्या आधी स्पोदेकला चक्कर मारली. उणे सहा तापमान होतं, तरी पूर्ण गोल फिरायचा हट्ट धरला. घरी येऊन मॅच लावली तेव्हा कॅमेऱ्याने बाहेरून इमारत दाखवली आणि तो ओरडला, "आपण त्या दाराशी होतो!"

टोकियोच्या हारीला मात्र रडला. मी समजूत घालायला गेले तर म्हणाला, राहू दे. लेओनचं ऐकल्यापासून त्याच्या मुलाखती पोलिशमध्ये लावून बसतो आणि मला अर्थ सांगतो. या घरात आता भाषा मला तो शिकवतोय.

१९७६ शेवटी ठेवली. 'चेंज' म्हणजे काय ते मी वहीवर आखून दाखवलं, कारण मी शाळेत असेच गुण मोजत मोठी झाले. चौथा सेट चालू असताना दोघेही मोठ्याने 'चेंज! चेंज!' म्हणत होतो, नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या बाई भेटल्या. याने आपण होऊन वोइतोविचचं नाव घेतलं. त्यांनी त्याचे दोन्ही गाल धरले आणि दोन मजले वर जाईपर्यंत बोलत होत्या. त्याला किती कळलं कुणास ठाऊक, पण पूर्ण वेळ मान हलवत होता.

पुढच्या शनिवारी झाविएर्चेची तीन तिकिटं काढली आहेत, तिसरी रांग. उन्हाळ्यातल्या क्राकुवच्या स्पर्धेवर लक्ष ठेवून आहे. विस्तुलाकाठ, तिकिटं सुटली की मला इथे किंवा निरोपात नक्की कळव, चार घेऊ आणि तूही ये.

बापूसर, लेकाचा एक प्रश्न तुमच्यासाठी आहे, मला उत्तर देता आलं नाही. वोइतोविच एवढा लांबून धावत येतो, मग समोरच्यांना आधी दिसत नव्हतं का?

बापू_मास्तर

चांगला प्रश्न आहे. दिसत होतं, पण उशिरा. ब्लॉकवाल्याची नजर पुढच्या फळीतल्या स्मॅशरवर असते, आणि तो पुढचा माणूस मारायच्या आवेशात खोटी उडी घेतो. ब्लॉकवाला त्याच्याबरोबर वर जातो. बॉल त्या दोघांच्या वरून मागे वोइतोविचकडे येतो तेव्हा ब्लॉकवाला खाली उतरत असतो, आणि उतरणाऱ्या माणसाला पुन्हा लगेच उडता येत नाही. त्याला म्हणावं, चौथा सेट परत लाव. वोइतोविच मागून मारेल तिथे थांबव आणि नेटच्या पलीकडच्या माणसाचे पाय बघ. जमिनीवर असतील किंवा जमिनीकडे येत असतील. मग शाळेतल्या सेटरला घेऊन तेच करून बघ. आधी बॉल न घेता, नुसत्या पावलांनी.